तुलनेचं घर

वकीलबाईच्या खोलीची मागची भिंत आणि बर्फाच्या कारखान्याची भिंत एकच. अलीकडे तिची शेगडी, खाट, भांड्यांची फळी. पलीकडे, एक वीट ओलांडून, बर्फाच्या लाद्यांची थप्पी. त्यामुळे ती भिंत बारा महिने ओली. छत गळत नव्हतं की नळ फुटला नव्हता. माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, दोरीवरच्या कपड्यांतलं पाणी, असं जे जे हवेत जाई ते त्या गार भिंतीला चिकटून थेंबाथेंबाने खाली उतरे. खाली काळी बुरशी, वर चुन्याचे फुगलेले पोपडे. तिचा नवरा गवंडी. त्याने हौसेने दोनदा गिलावा केला, आणि दोन्ही वेळा तो पापडासारखा सुटून आला.

वकीलबाई कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती. हे नाव तिला वस्तीने दिलं. पाण्याच्या टाकीचं भांडण वरपर्यंत गेलं, तेव्हा साहेबासमोर बाकी सगळ्यांची दातखीळ बसली आणि ही एकटी बोलली. बोलली ती अशी, की साहेबाने आधी चहा मागवला आणि मग टाकी. तेव्हापासून कुणाचं काही अडलं की लोक म्हणत, "वकीलबाईला पुढे घाला."

मास्तरीणबाईंची संस्था याच वस्तीत, सायकल दुरुस्तीच्या जुन्या गाळ्यात. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि घरी बसायचं सोडून हा व्याप मागे लावून घेतला. आधी मुलांची शिकवणी, मग शिवणकाम, आणि गेल्या काही वर्षांपासून घरं. वस्तीतल्या लोकांनीच वस्तीतली घरं दुरुस्त करायची, हा बाईंचा शिरस्ता. दुसऱ्याच्या घराला ज्याने विटा वाहिल्या नाहीत त्याच्या घराला वीट लागत नसे. आणि कुठलाही निर्णय सगळ्यांच्या बैठकीत, हात वर करून. गवंडी या कामाचा मुख्य मिस्त्री. संस्थेकडून त्याला मजुरी मिळे आणि घर त्याच मजुरीवर चाले.

पैसे देणाऱ्यांनी मध्येच एक अट घातली. दुरुस्तीने खरंच ओल जाते का, ते मोजून दाखवा. दुरुस्त झालेल्या घरांत ओल मोजणारी एकेक पेटी लावायची आणि एक घर मुद्दाम दुरुस्त न करता ठेवून तिथेही तशीच पेटी लावायची. दोन्हींची तुलना झाली तरच पुढचे पैसे. बाईंनी बैठकीत हे समजावलं आणि विचारलं, "बोला, कुणाचं घर मागे ठेवायचं?" सगळे एकमेकांच्या चपलांकडे बघायला लागले. शेवटी वकीलबाईच उठली. "माझं घ्या. पाहुणे आले तर बोलायलाही माझ्याइतकं कुणाला येतंय?" टाळ्या पडल्या. एक वर्षाचा प्रश्न होता.

वर्ष झालं. कामाचे आकडे चांगले आले आणि पैसे देणाऱ्यांनी खूश होऊन आणखी पैसे दिले. आणखी पैसे म्हणजे आणखी घरं, आणि आणखी घरं म्हणजे पुन्हा तुलना. वकीलबाईचं घर तसंच राहिलं.

"मला म्युझियममध्ये ठेवा," सासू म्हणायची. तिची खाट त्या भिंतीला लागूनच. "खाली पाटी लावा, ओली म्हातारी, हात लावू नये."

सासूचं हसण्यावारी गेलं, पण पोरीचं गेलं नाही. पोरीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. त्या भिंगरीला खोकला लागला. रात्र रात्र उठून बसायची. दवाखान्यातल्या डॉक्टरने औषध लिहून दिलं आणि वर तोंडी सांगितलं, "त्या खोलीत झोपवू नका. नाहीतर औषध म्हणजे गळक्या बादलीत पाणी." मग वकीलबाईने भिंगरीला आपल्या थोरल्या बहिणीकडे पाठवलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे खोकला थांबला. भिंत होईपर्यंत राहू दे, असं ठरलं.

बहिणीला मूल नव्हतं. तिने भाचीला जीव लावला. वकीलबाई दर आठवड्याला भेटायला जाई. पहिल्यांदा ती निघताना भिंगरी पदर धरायची. मग दारापर्यंत यायची. मग खेळता खेळता हात हलवायची. आणि एकदा तिने सहज विचारलं, "आई, तू तुमच्या घरी कधी जाणार?"

*तुमच्या*. वकीलबाई बसमध्ये तो शब्द चघळत बसली.

त्यानंतरच्या खेपेला बहिणीने चहा ठेवता ठेवता विषय काढला. "यांची बदली झालीय. लांब. महिनाअखेर निघायचंय."

"मग भिंगरी?"

"तेच म्हणतेय. तिकडे शाळा चांगली आहे. आमच्याबरोबर येऊ दे तिला."

"ताई, पोर माझी आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय? पण त्या खोलीत नेऊन तिला पुन्हा खोकत बसवणार आहेस का? भिंत झाली का तुझी?"

चहा निवला.

त्या आठवड्याच्या बैठकीत ती उभी राहिली. दुसऱ्यांसाठी बोलताना तिची जीभ कात्रीसारखी चालायची. आज स्वतःसाठी बोलायचं तर शब्द अडखळले. "माझी भिंत आता करून घेऊ द्या," ती म्हणाली. "पोर कायमची जायला निघालीय."

मागच्या गल्लीतली इस्त्रीवाली म्हणाली, "वकीलबाई, तुमचं दुःख कळतंय हो. पण आता कुठे आमच्या गल्लीचा नंबर लागलाय. माझ्या छताखाली मी छत्री घेऊन इस्त्री करते. तुमची पेटी बंद पडली तर आमचं काम उभं राहतंय का?"

"दुसऱ्या कुणाचं घर घ्या की तुलनेला."

"दुसरं ओलं घर उरलंय कुठे?" मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मागच्या गल्लीतली घरं गळतात, ती ओल वेगळी. भिंतीची ओल असलेलं तुझं एकच राहिलंय. सगळी आपणच कोरडी केली ना." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी आत्ता तुला हो म्हटलं तर कामच थांबेल. तरी बैठक ठरवेल ते. वकीलबाईची भिंत लगेच करायची असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

दोन-तीन हात वर झाले. वकीलबाईने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. गवंडी मांडीवर पंजे टेकवून बसला होता आणि त्या पंज्यांकडे असं बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. ते उचलले गेले नाहीत.

घरी आल्यावर तिची भांडी तेवढी बोलली. शेवटी सासूनेच तोंड उघडलं. "माझ्या लेकाचा हात थापी उचलायला बरोबर उठतो. बायकोसाठी उठायची वेळ आली की सांधे धरतात त्याचे."

"आई, तू गप बस."

"मी गप बसते. भिंत बोलतेच आहे."

गवंडी बायकोकडे वळला. "अगं, काम थांबलं तर खायचं काय? मी हात वर केला असता तर उद्या थापी कुणासमोर धरू? नाक्यावर उभा राहू रोजंदारीला?"

"उभे राहा! पोर गेली तरी चालेल, पण तुमची मिस्त्रीगिरी जायला नको."

तो उठून भिंतीजवळ गेला आणि खाटेच्या वरच्या कोपऱ्यात लावलेल्या त्या पांढऱ्या पेटीकडे बघत उभा राहिला. साबणाच्या वडीएवढी पेटी. पैसे देणाऱ्यांची मापवाली मॅडम यायची, तिला वायर जोडायची आणि साठलेले आकडे काढून न्यायची. पेटी हलवायची नाही, अशी सक्त ताकीद होती. जागा बदलली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"पेटीला काय दिसतं?" गवंडी स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "ती चिकटलीय तेवढीच भिंत. हो ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढी भिंत जुनी ठेवायची. बाकीची झाकायची."

कारखान्याच्या मागे मोडीत काढलेल्या थर्माकोलच्या जाड पाट्या पडलेल्या असत. वॉचमनला चहा पाजला की त्या मिळत. संस्थेच्या कामावरच्या फुटक्या विटा तर कुणी विचारतही नव्हतं. पुढच्या सुटीच्या दिवशी गवंड्याने खाट ओढली, दार लावून घेतलं आणि जुन्या भिंतीला पाट्या चिकटवून त्यापुढे विटा उभ्या लावत नेल्या. पेटीभोवती बरोबर तिच्या मापाचा कोनाडा सोडला. गिलावा झाल्यावर त्यावर काजळी आणि जुना चुना फासला. वकीलबाई माल कालवत होती, विटा हातात देत होती. कित्येक दिवसांनी दोघं असे शेजारी उभे होते. समोरून एक जुनी चादर पडद्यासारखी सोडली आणि पेटीपुरती ती कापली. खोली वीतभर आत आली.

"आणखी एक भिंत बांध," सासू म्हणाली, "म्हणजे मी थेट रस्त्यावर." पण त्या रात्री तिने नव्या भिंतीला पाठ लावली ती सकाळपर्यंत हलली नाही. उठल्यावर नुसतं म्हणाली, "ऊब आहे गं."

भिंगरी घरी आली. बहिणीने तिच्या कपड्यांची पिशवी भरून दिली आणि दारात उभी राहून बराच वेळ पाहत राहिली. "काही वाटलं तर कळव," म्हणाली. "आम्ही निघेपर्यंत आहोतच."

पहिल्या रात्री वकीलबाई जागीच होती, पोरीचा श्वास ऐकत. घरघर नाही, शीळ नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. चौथ्या दिवशी भिंगरी गल्लीत कुणाचा तरी चेंडू पळवून धावत आली आणि मागून आरडाओरडा ऐकू आला, तेव्हा वकीलबाईला रागावायचं होतं, पण हसूच फुटलं. इस्त्रीवालीने पोर पाहिली. मास्तरीणबाईंनी पाहिली. वस्तीत काय लपतं? पण कुणी काही विचारलं नाही, आणि न विचारण्याबद्दल वकीलबाईने मनातल्या मनात सगळ्यांना हात जोडले.

बहीण गेली. आणि त्यानंतर कोनाडा गळायला लागला.

आधी थेंब, मग धार. पेटीखालून पाणी चादरीत उतरायचं. सासूने खाली वाडगा ठेवला. तो दुपारपर्यंत भरायचा. "भिंत तीच, बर्फ तोच," गवंडी चक्रावला. "पूर्वी एवढं कधी गळलं नव्हतं."

वकीलबाई दोन दिवस त्या कोनाड्यासमोर बसून राहिली. शेगडीवर पातेलं ठेवलं, उकळी आली आणि समोर कोनाड्यात थेंब मोठे होताना तिने पाहिले, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. वाफ पूर्वीइतकीच होती. पण पूर्वी ती अख्ख्या भिंतीभर वाटली जायची. आता भिंत उबदार झाली, गार जागा उरली ती एवढीशी, आणि घरभरची ओल सगळी तिथेच धाव घेत होती. खोली जितकी कोरडी तितकी पेटी ओली.

"फोडून काढा कोनाडा," ती म्हणाली. "बुजवा."

"आणि पेटी? ती कोरडी दिसली की सगळं उघडं पडणार."

मापवाली मॅडम आली, बरोबर मास्तरीणबाई. मॅडम वयाने लहान, मनाने चांगली, चप्पल बाहेर काढून येणारी. मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबलेली दिसताच भिंगरी खाटेखाली गेली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने आईचा चेहरा पाहिला आणि गेली.

मॅडमने वायर जोडली, पडदा पाहिला, भरलेला वाडगा पाहिला. मग मांडीवरच्या यंत्रात आकडे उतरले आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "बाई, हे बघा. असा आकडा मी कुठल्याच वस्तीत पाहिलेला नाही." तिने इकडेतिकडे पाहिलं. "खरं तर खोलीत आज ऊब वाटतेय."

"जिवंत माणसं आहोत," सासू खाटेवर पाय सोडून बसली, तिच्या लुगड्याचा घोळ बरोबर पुढे येईल असा. "मेल्यावर गार होऊ."

मॅडम हसली नाही. ती वकीलबाईच्या समोर येऊन बसली. "मला एक विचारायलाच हवं. एवढ्या ओलीत लहान मूल राहत असेल, तर मी गप्प बसू शकत नाही. नियम आहे. मला वर कळवावं लागेल, आणि चौकशी होईपर्यंत इथलं सगळं काम थांबेल. या घरात मूल राहतं का?"

मास्तरीणबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी वकीलबाईकडे पाहिलं आणि मग बाहेर गल्लीकडे. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. उत्तर पूर्ण तिच्या पदरात टाकलं.

वकीलबाईला वाटलं, आता पडदा ओढावा. ही बघा भिंत, कोरडी ठणठणीत आहे, हात लावा. हे पाणी म्हणजे आमचीच लबाडी आहे. आणि मग काय? आजवरच्या सगळ्या घरांच्या आकड्यांवर संशय येणार. इस्त्रीवाली छत्रीखाली. नवरा नाक्यावर. आणि 'हो, राहतं' म्हटलं तर? त्याच दिवशी काम बंद, चौकशी, भिंतीला हातोडा, आणि पोर बसमध्ये, बहिणीच्या लांबच्या गावी. कुठल्याही दाराने बाहेर पडावं तर शेवटी त्याच खोलीत.

"नाही," ती म्हणाली. "पोर मावशीकडे असते."

काही आठवड्यांपूर्वी हे वाक्य खरं होतं. त्यामुळे ते सहज बाहेर आलं.

मॅडमने सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं. तिला इथे अजिबात आणू नका हं. आणि बाई, अशा नोंदी सोडून चालणार नाहीत. हे घर पुढचं पूर्ण वर्ष तुलनेला ठेवू. मी आता दर आठवड्याला येत जाईन. वेळ नक्की नाही सांगता येणार, जमेल तशी." तिने वकीलबाईचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून एवढ्या लोकांची घरं होतात."

ती गेल्यावर मास्तरीणबाई दारातच थांबल्या. त्यांचा चेहरा दमलेला होता. "भिंगरीला मी शाळेत नेत जाईन," त्या हळूच म्हणाल्या. "मागच्या गल्लीने. परत येताना माझ्याकडेच बसू दे, दिवे लागेपर्यंत."

"बाई, तुम्हाला भिंतीचं ठाऊक होतं?"

"मी शाळेत शिकवायचे गं. पडद्यामागे काय चाललंय ते मला कळतं." मग त्या निघून गेल्या.

दुपारपर्यंत वस्तीत सगळं ठरून गेलं. बैठक न घेता, हात वर न करता. नाक्यावरचा पानवाला मोटार दिसली की शिट्टी मारणार. इस्त्रीवाली स्वतः येऊन सांगून गेली, "मी आहे ना खिडकीत. गाडी वळली की हाक देते. पोरीचे कपडे दोरीवर घालू नका, माझ्याकडे वाळत घाला. इस्त्री करूनच देते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने भिंगरीला गोळी दिली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शेजारच्या घरातून कुणीतरी पोरीसाठी रंगीत खडू पाठवले, आवाज न करता खेळायला. इतकी माणसं इतक्या मायेने एका पोरीला नाहीशी करायला लागली होती, की वकीलबाईला कुणावर चिडावं ते कळेना. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या वतीने बोलली होती. आता सगळी वस्ती तिच्या वतीने गप्प बसणार होती.

भिंगरी मात्र खुशीत होती. "मी हललेसुद्धा नाही," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "आजीची टाच माझ्या नाकासमोर होती, तरी हसले नाही. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस," वकीलबाई म्हणाली.

"पुढच्या वेळी आणखी गप्प राहीन."

गवंडी कोपऱ्यात बसून थापी घासत होता. ती कधीच स्वच्छ झाली होती. सासूने वाडगा रिकामा करून पुन्हा कोनाड्याखाली ठेवला.

वकीलबाईने ट्रंकेतून एक गोधडी काढली. खाटेखालची जमीन झाडून घेतली, मागचे डबे आणि सासूची पितळी पेटी एका बाजूला सरकवली, आणि गोधडीची दुहेरी घडी करून आत अंथरली. उशीला एक जुनी साडी गुंडाळून ठेवली. मग उकिडवी बसून लांबून पाहिलं, दारातून काही दिसतंय का.

"जा, बसून बघ," ती म्हणाली.

भिंगरी सरपटत आत गेली. थोडा वेळ आत खुडबूड झाली. मग तिचा आवाज आला, "आई, पाय बाहेर येतात गं माझे."

वकीलबाईने पाहिलं. खरंच येत होते. मावशीकडे पोर चांगलीच उंच झाली होती.

"पोटाशी घे," ती म्हणाली.